अडुसष्ट हजारांचे प्रमाणपत्र आणि बाजारातला त्याचा भाव

वाचकाचे पत्र: मी लालबागला राहते. २०२२ साली बी.कॉम. झाले आणि मस्जिद बंदरच्या एका व्यापारी पेढीत हिशेबाचे काम करते. पगार १७,००० रुपये आहे. दिवाळीनंतर शेठ दरवर्षी दीड हजार वाढवतात. दादरच्या एका संस्थेत टॅली आणि सॅप ही हिशेबाची सॉफ्टवेअर आणि जीएसटी असा चार महिन्यांचा कोर्स आहे. फी हप्त्यांनी ६८,००० आणि एकरकमी भरल्यास ६२,००० रुपये. हप्त्यांवर व्याज नाही, असे तिथले समुपदेशक सांगतात. सकाळची बॅच घेतली तर नोकरी सोडावी लागेल. शनिवार-रविवारची बॅच आठ महिने चालते. संस्थेच्या भिंतीवर 'आमच्या विद्यार्थ्यांचा सरासरी पगार ३२,०००' असा फलक आहे. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे, तर मामेभाऊ म्हणतो की असली प्रमाणपत्रे म्हणजे रद्दी. कोणाचे ऐकू? अशा प्रमाणपत्राची बाजारातली किंमत मोजायची काही रीत आहे का? – एक वाचक, लालबाग.

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्नच खरा प्रश्न आहे, आणि रीत आहे. ती अवघड नाही, फक्त संस्थेच्या फलकावर जे लिहिलेले असते त्यापेक्षा निराळ्या गोष्टीची मोजणी तिच्यात करावी लागते. प्रमाणपत्र मिळाल्यावर तुम्हाला किती पगार मिळेल, हा आकडा म्हणजे प्रमाणपत्राची किंमत नव्हे. कोर्स केलेल्या तुम्ही आणि कोर्स न करता तितकाच काळ काम करत राहिलेल्या तुम्ही, या दोघींच्या पगारातला फरक म्हणजे त्याची किंमत. अडचण एवढीच की या दोघींपैकी एकच प्रत्यक्षात असणार आहे, आणि दुसरीचा अंदाज बांधावा लागतो.

आधी तो फलक पाहू. समजा, पाच विद्यार्थ्यांचे पगार १८, १९, २०, २१ आणि ८२ हजार आहेत. त्यांची बेरीज १६० हजार, म्हणून सरासरी बरोबर ३२ हजार. आणि तरीही पाचांपैकी चौघांना २१ हजारांपेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नाही. ८२ हजारवाला बहुधा सात-आठ वर्षे एखाद्या मोठ्या कंपनीत काम करून नंतर एक जोड म्हणून कोर्सला आलेला असतो. फलक खोटा नसतो, पण तो तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून सरासरीऐवजी मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. वरच्या उदाहरणात तो २० हजार आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, ही सरासरी कितीजणांची आहे ते विचारा. बॅचमध्ये चाळीसजण असतील आणि त्यांतल्या बाराजणांनीच पगार कळवला असेल, तर उरलेले अठ्ठावीस कुठे गेले, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण ज्यांना नोकरी लागत नाही ते सहसा संस्थेचा फोन उचलत नाहीत.

आता त्या 'दुसऱ्या तुम्ही'कडे वळू. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये तिथल्या सरकारी प्रशिक्षण योजनांतील लोकांच्या कमाईचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या असे लक्षात आले की प्रशिक्षणाला येण्याआधीच्या वर्षी या लोकांची कमाई नेहमीपेक्षा खाली घसरलेली होती. काम सुटले, पगार अडला, म्हणूनच तर ते प्रशिक्षणाकडे वळले होते. अशी घसरण पुष्कळदा आपोआप भरून निघते. पण प्रशिक्षणाच्या आधीची कमाई आणि नंतरची कमाई एवढ्याच दोन गोष्टींची तुलना केली, तर ती सगळी भरपाई प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा होते. याच्या उलटही घडते: नोकरी करून रविवारी सकाळी नऊला वर्गात येऊन बसणारी मुले मुळातच धडपडी असतात, ती कोर्स न करताही पुढे सरकली असती. दोन्ही वेळा प्रमाणपत्राला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय मिळते.

तुमच्या बाबतीत त्या दुसरीचा पगार आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, हे तुमचे भाग्य. शेठ दरवर्षी दीड हजार वाढवतात, म्हणजे काहीही न करता वर्षभराने तुम्ही १८,५०० वर असाल. समजा, कोर्सनंतर तुम्हाला २०,००० ची नोकरी लागली. घरी सगळे म्हणतील, तीन हजार वाढले. प्रमाणपत्राने आणले ते दीड हजारच. ६८,००० रुपये महिना दीड हजाराने वसूल व्हायला ४५ महिने लागतात, म्हणजे पावणेचार वर्षे. सकाळच्या बॅचसाठी नोकरी सोडलीत, तर चार महिन्यांचे बुडालेले ६८,००० रुपये आणखी मिळवा. खर्च दुप्पट, वसुली साडेसात वर्षांची. फलक खरा मानून ३२,००० धरले, तर नुसत्या फीचा हिशेब पाच महिन्यांत संपतो. म्हणजे सगळा प्रश्न असा की कोर्सनंतरचा तुमचा पगार २० हजारांजवळ असेल की ३२ हजारांजवळ, आणि याचे उत्तर फलकावर मिळणार नाही, बाजारात जाऊनच मिळवावे लागेल.

संशोधक हा पेच कसा सोडवतात ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. कोलंबिया देशात गरीब घरांतील तरुणांसाठी एक प्रशिक्षण योजना होती. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्याने एका फेरीत प्रवेश चिठ्ठ्या टाकून द्यायचे ठरले. चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले मुळात सारखेच, म्हणून पुढे त्यांच्या कमाईत पडलेला फरक प्रशिक्षणाचा असे खात्रीने म्हणता आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलींची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. लक्षात घेण्यासारखे हे की तो नुसता वर्ग नव्हता. तीन महिने वर्गात आणि पुढचे तीन महिने एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम, अशी त्याची रचना होती. दुसरे उदाहरण अमेरिकेतील केंटकी राज्याचे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांची आधीची आणि नंतरची कमाई तिमाहीगणिक ताडून पाहिली, तेव्हा अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राने तिमाहीला सुमारे ३०० डॉलरची भर पडलेली दिसली, तर दोन वर्षांच्या पदवीची भर त्याच्या कित्येक पट होती. तेव्हा अशा प्रमाणपत्रांचा परतावा शून्य नसतो, पण बहुधा लहान असतो, आणि जिथे मोठा असतो तिथे वर्गाला कामाची जोड असते. हे आकडे त्या त्या देशांचे आहेत, ते दादरला जसेच्या तसे लावू नका; पण समुपदेशकांना 'शेवटचा एक महिना कोणत्या पेढीत बसवणार?' हे मात्र जरूर विचारा.

मामेभावाचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. काही कागद हे दाराची किल्ली असतात आणि त्यांच्याशिवाय दार उघडतच नाही. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे शासकीय टंकलेखन प्रमाणपत्र लागते. तुमची बोटे कितीही वेगाने चालोत, तो कागद नसेल तर अर्ज बाद. एमएस-सीआयटीचा संगणक कोर्स २००१ पासून महाराष्ट्रात इतका पसरला, त्यामागेही सरकारी नोकरीची अट हे मोठे कारण आहे. म्युच्युअल फंडाचा वितरक व्हायचे तर सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते, आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षांनी कालबाह्य होते, म्हणून त्याच्या किमतीत दर तीन वर्षांनी पुन्हा करायचा खर्चही धरावा लागतो. या कागदांची किंमत मोजणे सोपे आहे: जे दार उघडते त्याच्या आतला पगार पाहायचा, आणि किती माणसे तीच किल्ली घेऊन बाहेर रांगेत उभी आहेत ते पाहायचे. टंकलेखनाच्या बाबतीत ही रांग कुठवर जाते, हे तुम्ही लालबागमध्ये राहून जाणताच.

तुमचा कोर्स या जातीचा नाही. टॅली किंवा सॅपच्या प्रमाणपत्राशिवाय हिशेबनीस म्हणून काम करू नये, असा कुठला कायदा नाही. तिथे कागद फक्त सुचवतो की या व्यक्तीला काम येत असावे. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हीच गोष्ट नोकरीच्या बाजाराला लावून दाखवली, आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच धाटणीच्या कामासाठी. त्यांच्या मांडणीचे सार असे की एखादा कागद मिळवणे काम येणाऱ्याला सोपे आणि न येणाऱ्याला अवघड असेल, तरच तो कागद पाहून मालकाला काही कळते. यातून समुपदेशकांना विचारायचा माझा सर्वांत आवडता प्रश्न निघतो: गेल्या बॅचमध्ये किती विद्यार्थी नापास झाले? 'आमच्याकडे कोणी नापास होत नाही' असे अभिमानाने सांगितले गेले, तर त्या प्रमाणपत्राकडे पाहून कोणत्याही मालकाला तुमच्याबद्दल काहीच कळणार नाही, कारण फी भरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तोच कागद आहे.

मी बरीच वर्षे फोर्टमधील एका हिशेबाच्या कचेरीत मुलाखती घ्यायला बसत असे. एकदा एक मुलगा प्लास्टिकच्या फाइलमध्ये सात प्रमाणपत्रे घेऊन आला; सगळी लॅमिनेट केलेली. त्याच दिवशी एक मुलगी आली, तिच्याकडे टॅलीचे एकच प्रमाणपत्र होते आणि वर्षभर एका किराणा घाऊक विक्रेत्याकडे केलेले काम. दोघांनाही आम्ही एकच काम दिले: एका महिन्याचे खरेदीचे रजिस्टर आणि त्याच महिन्याची जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी विवरणांत दाखवलेल्या बिलांची यादी, समोर ठेवली आणि दोन्ही जुळवायला सांगितले. तीन बिले जुळत नव्हती. मुलाने तिन्हींवर लाल खूण केली आणि 'मिसमॅच' असे लिहून कागद परत दिला. मुलीने पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक वाचला, तो २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा; आणि आमच्या वहीत मात्र त्या बिलावर केंद्र आणि राज्य असा दोन भागांत कर लावलेला होता, जणू माल महाराष्ट्रातूनच आला आहे. 'इथे आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा कर, हवा होता,' ती म्हणाली. दुसरे बिल महिन्याच्या २९ तारखेचे होते. पुरवठादाराने ते पुढच्या महिन्याच्या विवरणात दाखवले असणार, तेव्हा पुढच्या २बी मध्ये शोधा, असे तिने सुचवले. तिसरे तिलाही सापडले नाही, आणि तिने तसे सांगितले. नोकरी तिला मिळाली, हे सांगायला नकोच. २०२२ च्या जानेवारीपासून जे बिल २बी मध्ये दिसत नाही त्याच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे अशा एका चुकीत मालकाचे हजारो रुपये अडकतात, आणि ती चूक पकडणाऱ्याला पगार देणे त्याला परवडते.

यावरून कोर्स निरुपयोगी असतो असे मला म्हणायचे नाही. तिचे ते ज्ञान काही अंशी वर्गातलेही असेल. म्हणणे एवढेच की तुम्ही ज्या बाजारात आहात तिथे कागद वाचला जात नाही, की-बोर्डवर बसवून पाहिले जाते. मस्जिद बंदर, काळबादेवी, मांडवी इथल्या पेढ्यांत तर हे नक्कीच. विक्रोळी, पवई, ऐरोली इथल्या मोठ्या कंपन्यांचा मामला थोडा वेगळा: तिथे शेकडो अर्ज येतात आणि आधी संगणक अर्ज गाळतो, त्यामुळे 'सॅप' हा शब्द अर्जात नसेल तर तो माणसासमोर जातच नाही. तिथे कागदाला किंमत असू शकते. पण कोणाच्या कागदाला? सॅप कंपनीची स्वतःची प्रमाणन परीक्षा असते. संस्थेने दिलेले 'प्रशिक्षण पूर्ण केले' असे पत्र ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट. ६८,००० मध्ये त्या परीक्षेचे शुल्क धरले आहे की नाही, हे लेखी घ्या. आणि कोर्स सरकारी कौशल्य आराखड्यात बसतो असा दावा असेल, तर कोणत्या पातळीचा आणि प्रमाणपत्र देणारी मान्यताप्राप्त संस्था कोणती, ते विचारून नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर स्वतः तपासा. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि कागदावर सही करणारा एकच असेल, तर तो कागद फीची पावतीच समजावा.

आता बाजारात जायची रीत. या रविवारी दोन तास काढा आणि नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर मुंबई आणि नवी मुंबईतील, एक ते तीन वर्षे अनुभवाच्या, हिशेबाच्या पन्नास जाहिराती उघडा. एका वहीत चार रकाने आखा: जाहिरातीत प्रमाणपत्र नाव घेऊन मागितले आहे का, नुसते कौशल्य मागितले आहे का, अनुभवाची वर्षे किती, आणि पगार लिहिला असल्यास किती. माझा अंदाज आहे की टॅली आणि जीएसटी हे शब्द जवळजवळ सगळीकडे दिसतील, पण प्रमाणपत्राची मागणी फार थोड्या ठिकाणी असेल. आणि सॅप जिथे असेल तिथे बहुधा 'सॅपवर काम केल्याचा अनुभव' असे असेल. माझा अंदाज चुकला आणि पन्नासांपैकी पंधरा-वीस जाहिराती नवशिक्यालाही सॅप आले तर घ्यायला तयार दिसल्या, तर माझे मत बदलायला मी तयार आहे. पगाराच्या रकान्याशेजारी प्रवासही लिहा. करी रोडहून मस्जिद म्हणजे चौथे स्थानक. ऐरोलीला जायचे तर ठाण्यापर्यंत धीमी गाडी आणि तिथून ट्रान्स-हार्बर. दिवसाचे दोन तास जास्त जात असतील, तर तीन हजारांच्या वाढीतले तुमच्या हाती नेमके काय उरते ते तुम्हीच ठरवा.

त्यानंतर संस्थेकडे जा आणि वर्षभरापूर्वीच्या एका संपूर्ण बॅचमधल्या कोणत्याही पाच जणांशी बोलायचे आहे असे सांगा. 'कोणत्याही' या शब्दावर अडून राहा. संस्थेने निवडलेले पाच नकोत. कोर्सआधी काय पगार होता, आता काय आहे, आणि आताच्या मुलाखतीत प्रमाणपत्र कोणी मागितले होते का, एवढे तीनच प्रश्न त्यांना विचारा.

हप्त्यांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. एकरकमी ६२,००० आणि बारा हप्त्यांत ६८,००० असतील, तर वरचे सहा हजार हे व्याजच आहे, त्याला नाव काहीही द्या; हिशेब केला तर तो दर वर्षाला १७ टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय असे हप्ते सहसा संस्था देत नाही, एखादी वित्त कंपनी देते, आणि कर्ज तुमच्या नावावर चढते. दुसऱ्या महिन्यात वर्ग बंद पडला किंवा तुम्हीच सोडला, तरी हप्ते थांबत नाहीत आणि चुकले तर तुमचा सिबिल स्कोअर खाली येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्ज घेणाऱ्याला मुख्य अटींचे एक विवरणपत्र द्यावेच लागते, ज्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागा. 'व्याज नाही' असे सांगणाऱ्या समुपदेशकांसमोरच तो वाचा.

तुम्ही विचारले आहे म्हणून सांगतो: आज, या फीला, मी हा कोर्स घेणार नाही. तीन विषय एका गाठोड्यात बांधून विकले जात आहेत आणि त्यांतले दोन तुम्ही रोज हाताळता. टॅली तुम्हाला येतच असणार. जीएसटीचे विवरण पेढीच्या वतीने बाहेरचे कर सल्लागार भरत असतील, तर सोमवारी शेठना विचारा की ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे ३बी पुढचे सहा महिने तुम्ही तयार कराल आणि सल्लागार फक्त तपासतील, असे चालेल का. सल्लागाराचे काम हलके होते म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही. सहा महिन्यांनी तुमच्या अर्जावर 'विवरणे स्वतः तयार केली' ही ओळ येईल, आणि तिला एक पैसाही लागलेला नसेल. सॅप हा एकच विषय खरोखर नवा आहे. जाहिरातींच्या वहीत त्याला जागा मिळाली, तर तेवढाच विषय, शनिवार-रविवारी, नोकरी न सोडता शिकवणारे कोण आहे ते पाहू. आईंना सांगा, पाटल्या हातातच असू द्या. आणि वही भरून झाली की चारही रकान्यांत काय निघाले ते मला कळवा. सॅपची मागणी किती जाहिरातींत निघाली, याची मलाही उत्सुकता आहे.